अन्वेषणप्रधान शोधमोहिमांची रचना : भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम आणि परभणी जिल्ह्याचा भूप्रदेश

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात नवख्या माणसाने जुनी बारव कोठे आहे असे विचारले, तर मिळणारे उत्तर अंतराच्या आकड्यांत क्वचितच असते. वेशीतून बाहेर पडा, पांदणीने मावळतीकडे चला, ओढा ओलांडला की मोठी चिंच लागेल, तिच्या वरल्या अंगाला पायऱ्या दिसतील, अशा स्वरूपाचे ते उत्तर असते. असे उत्तर ऐकणाऱ्याला वाटेने जाताना वेस, पांदण, ओढा आणि चिंच ओळखावी लागते. मोबाइलच्या पडद्यावरील निळ्या रेषेमागून जाणारा माणूस त्याच बारवेपाशी कमी वेळात पोहोचतो. मात्र तो ज्या प्रदेशातून गेला त्याविषयी त्याला फारसे सांगता येत नाही.

वाट सांगण्याच्या या दोन पद्धतींतील फरक व्हिडिओ गेमच्या रचनाशास्त्रातही महत्त्वाचा ठरला आहे. विशेषतः ज्या खेळात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारून एका कल्पित जगात वावरतो, त्या भूमिकाप्रधान खेळात खेळाडूला जग शोधू द्यावे की त्याला केवळ ठिकाणावर नेऊन सोडावे, हा रचनाकारापुढील मूलभूत प्रश्न आहे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी हे खेळ मोठ्या प्रमाणावर खेळतात. साहित्य, इतिहास व भूगोल या विषयांच्या अध्यापकांनी मात्र त्यांकडे अभ्यासविषय म्हणून फारसे पाहिलेले नाही. या पार्श्वभूमीवर अन्वेषणप्रधान शोधमोहिमेची संकल्पना स्पष्ट करून परभणी जिल्ह्याच्या संदर्भात तिच्या रचनेचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१. भूमिकाप्रधान खेळातील अन्वेषणप्रधान शोधमोहिमेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. अशा मोहिमेची रचनासूत्रे प्रत्यक्ष खेळांच्या आधारे तपासणे.
३. परभणी जिल्ह्यातील बारवा, मंदिरे व मौखिक स्थळज्ञान यांच्या आधारे एका नमुना मोहिमेची मांडणी करणे.
४. अशा मोहिमेतील बक्षिसाच्या नैतिक बाजूचा विचार करणे.

संकल्पना :

'क्वेस्ट' या शब्दासाठी प्रस्तुत लेखात 'शोधमोहीम' हा शब्द योजला आहे. भूमिकाप्रधान खेळात खेळाडूपुढे एखादे कार्य ठेवले जाते, ते पूर्ण करताना त्याला अडथळे येतात आणि कार्य पूर्ण झाल्यावर काही प्राप्ती होते. अमुक शत्रूला हरवणे, अमुक वस्तू पोहोचवणे, अमुक व्यक्तीचे रक्षण करणे हे या मोहिमांचे रूढ प्रकार होत. यांत स्थळ बहुधा पार्श्वभूमीपुरते असते. शत्रू डोंगरावर असला काय किंवा नदीकाठी असला काय, लढाईत फारसा फरक पडत नाही.

अन्वेषणप्रधान शोधमोहिमेत हा संबंध उलटा असतो. तेथे स्थळ हाच प्रश्न असतो आणि उत्तरही स्थळातच दडलेले असते. खेळाडू पाहतो, ऐकतो, तुलना करतो, तर्क बांधतो आणि त्या तर्काच्या आधारे कोठे जायचे हे स्वतः ठरवतो. एखादी मोहीम खऱ्या अर्थाने अन्वेषणप्रधान आहे की नाही हे एका साध्या कसोटीवर ठरवता येते. त्या मोहिमेतील भूप्रदेश काढून त्याजागी दुसरा ठेवला आणि तरीही मोहीम जशीच्या तशी चालली, तर ती अन्वेषणप्रधान नव्हे.

ब्रिटिश संशोधक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली बहुखेळाडू आभासी जगांतील खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. साध्य गाठण्यात रमणारे, इतरांशी संवाद साधण्यात रमणारे, इतरांवर मात करण्यात रमणारे आणि जगाचा ठाव घेण्यात रमणारे. यांतील चौथा वर्ग म्हणजे अन्वेषक. अन्वेषकाला गुणांकनापेक्षा हे जग कसे चालते हे जाणून घेण्यात अधिक रस असतो. एकाच व्यक्तीत या प्रवृत्ती कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदतात; त्यामुळे अन्वेषणप्रधान मोहीम ही मूठभर चोखंदळ खेळाडूंसाठीच असते असे समजण्याचे कारण नाही.

पूर्वपीठिका : गुहेपासून बाणापर्यंत

संगणकीय अन्वेषणखेळाचा आरंभच एका खऱ्या ठिकाणापासून झाला, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. अमेरिकेतील विल क्राउदर हे संगणकतज्ज्ञ आणि हौशी गुहासंशोधक होते. केंटकी राज्यातील मॅमथ गुहाप्रणालीच्या सर्वेक्षणात त्यांचा सहभाग होता. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी त्या गुहेच्या एका भागावर आधारित, केवळ शब्दांनी वर्णन केलेला 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ तयार केला. डॉन वुड्स यांनी १९७७ साली त्याचा विस्तार केला. पडद्यावर चित्र नव्हते. खेळाडू वर्णन वाचत असे, दिशा टंकित करत असे आणि पुष्कळदा कागदावर स्वतःचा नकाशा काढत असे. त्याआधी १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला होता. त्यातही सूत्रधार वर्णन करी आणि खेळाडू नकाशा काढीत. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या खेळामागे आपल्या बालपणीची क्योटोजवळच्या डोंगररानांतील भटकंती आहे, असे त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी सांगितले आहे.

पुढे संगणकाची चित्रक्षमता वाढली, जग विस्तारले आणि वाट दाखवण्याचा प्रश्न बिकट झाला. बेथेस्डा या अमेरिकी संस्थेच्या एकाच मालिकेतील दोन खेळांची तुलना या दृष्टीने बोधप्रद आहे. २००२ सालच्या 'मॉरोविंड'मध्ये पात्रे खेळाडूला शब्दांत वाट सांगतात. अमुक नदीच्या काठाने जा, दुभाट्यावर डावीकडे वळा, अशा त्या सूचना रोजनिशीत नोंदल्या जातात. काही ठिकाणी त्या अपुऱ्या असल्याने खेळाडू भरकटत आणि वैतागतही. २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर लक्ष्य दाखवणारी खूण आली. पात्रांचे संवाद आता ध्वनिमुद्रित होते. लांबलचक वाटवर्णन सांगण्याची गरजही उरली नव्हती. २०११ सालच्या 'स्कायरिम'मध्ये हीच पद्धत स्थिरावली.

या बदलाने खेळाडूची सोय झाली हे नाकारता येत नाही. परंतु एक परिणाम दूरगामी ठरला. बाण असल्यामुळे पात्रांच्या बोलण्यातून वाटेचे वर्णन गळून पडले. एखाद्या खेळाडूने बाण बंद करून खेळायचे ठरवले, तरी त्याला आधार देणारे शब्द अनेकदा जगात नसतात. यावरून असे दिसते की, अन्वेषण ही नंतर चालू-बंद करता येणारी सोय नसून ती संवादलेखनाच्या पातळीवरच विणावी लागते. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या २०१८ च्या खेळाने हे ओळखले. त्यात अन्वेषणाचा स्वतंत्र पर्याय देण्यात आला. तो निवडल्यास नकाशावर थेट खूण येत नाही. ठिकाण कोणत्या प्रांतात, कोणत्या खुणेच्या कोणत्या दिशेला आहे एवढेच शब्दांत कळते.

दिसणारी खूण आणि ऐकलेली खूण :

अलीकडच्या काळात अन्वेषणाच्या रचनेचा आदर्श म्हणून २०१७ सालच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळाचा उल्लेख होतो. त्याच्या रचनाकारांनी त्याच वर्षी जपानमधील एका परिषदेत आपले त्रिकोणाचे तत्त्व मांडले. टेकडी, खडक, इमारत अशा त्रिकोणी आकारांनी पलीकडचे दृश्य अंशतः झाकले जाते. खेळाडूला चढून जावे की वळसा घालावे हे ठरवावे लागते आणि वळण घेताच नवे काही दृष्टीस पडते. उंच मनोरे दुरून खुणावतात. २०२२ सालच्या 'एल्डन रिंग'मध्येही दूरवरून दिसणारा महाकाय सुवर्णवृक्ष आहे आणि विश्रांतिस्थळांतून निघणारे प्रकाशकिरण दिशा सुचवतात. मोहिमांची यादी मात्र तेथे दिलेली नाही. ही सर्व 'पाहा आणि जा' या प्रकारची रचना होय.

परभणी जिल्ह्याला ही रचना जशीच्या तशी लागू पडत नाही. उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगांचे फाटे आहेत आणि दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटाचा भाग आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवरील जैन लेणी दृश्य खुणेच्या रचनेला अनुकूल आहेत. परंतु मधला बहुतांश प्रदेश हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सपाट मुलूख आहे. येथे दृश्य झाकणारा त्रिकोण नाही. शिवाय येथील एक महत्त्वाचे वास्तुवैभव जमिनीच्या वर नसून जमिनीच्या खाली आहे. सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार बारव किंवा पिंगळी येथील बारव काठावर जाईपर्यंत दिसत नाही. बारव म्हणजे जणू उलटा मनोरा. मनोरा दुरून बोलावतो. बारवेविषयी कोणीतरी सांगावे लागते.

म्हणून या प्रदेशातील अन्वेषणाची स्वाभाविक रीत 'ऐका, ताडून पाहा आणि जा' अशी ठरते. तिच्यासाठी लागणारी भाषाही येथे तयार आहे. गावठाणाची पांढरी आणि शेताची काळी, शिव, धुरा, पांदण, माळ, बरड, गढी, पार, उगवत आणि मावळत हे शब्द म्हणजे बोलका नकाशाच होत. खेळाडूला या शब्दांचा कोश देण्याची गरज नाही. पांढरी म्हणजे काय हे त्याला गावाच्या टेकाडावर उभे राहून, मातीत मिसळलेली खापरे पाहून कळले पाहिजे.

या रीतीला मराठीत प्राचीन ग्रंथाधारही आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांनी तेराव्या शतकात ज्या ज्या ठिकाणी वास्तव्य केले, त्या स्थानांची नोंद 'स्थानपोथी' या ग्रंथात आढळते. गावातील मंदिर कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, अमुक स्थान त्याच्या कोणत्या बाजूस, अशा तपशिलांनी ती नोंद भरलेली आहे. पुढील काळातील साधकाला केवळ वर्णनाच्या आधारे ते स्थान शोधून वंदन करता यावे हा तिचा हेतू. 'स्थानपोथी' हा अर्थातच खेळ नव्हे आणि तिच्यामागील श्रद्धेची तुलना खेळाशी करण्याचा येथे उद्देश नाही. परंतु शब्दांनी स्थळ सापडावे यासाठी कोणते तपशील लागतात, याचा असा जुना व काटेकोर नमुना रचनाकाराला क्वचितच मिळेल. दिशा, दाराचे तोंड, शेजारची वास्तू आणि मधले अंतर हे चार तपशील दिले की वर्णन पुरते. याहून अधिक दिल्यास शोध उरत नाही आणि याहून कमी दिल्यास भरकटणे अटळ ठरते.

नमुना मोहीम : हरवलेली बारव

वरील विवेचनाच्या आधारे एका नमुना मोहिमेची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल. यातील गाव व पात्रे कल्पित आहेत. काळ मात्र खरा, १९७२ च्या दुष्काळाचा आहे. खेळाडूची भूमिका दुष्काळी कामावर मजुरांचे मस्टर लिहिणाऱ्या तरुणाची. मस्टर हाती असल्याने तो गावातील प्रत्येक वस्तीत जाऊ शकतो, प्रत्येकाशी बोलू शकतो आणि त्याच्याजवळ वही आहे. गावातील विहिरी आटल्या आहेत. कधीही न आटणारी एक बारव शिवारात होती, ती गाळाने बुजली, असे म्हातारी माणसे सांगतात. ती कोठे हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. खेळात बाण नाही, नकाशावर खूण नाही. जे ऐकले व पाहिले ते वहीत उतरते एवढेच.

मोहिमेत चार धागे आहेत. पहिला धागा एका वृद्धेचा. तिच्या सासूच्या काळी पाणी बारवेवरून येई. अंतर विचारल्यास ती कोसात सांगत नाही. किती ओव्या म्हणेपर्यंत घागर घरी येई ते सांगते. खेळाडूने वेशीपासून चालत ते अंतर स्वतः मोजायचे आहे. दुसरा धागा दगडाचा. गढीच्या पडक्या भिंतीत आणि एका घराच्या उंबऱ्यात घडीव पायरीचे दगड बसवलेले आहेत. घरमालकाच्या आजोबांनी ते बैलगाडीने उताराने आणले, चढ लागला नाही, एवढे त्याला आठवते. म्हणजे बारव गावापेक्षा उंचावर असली पाहिजे. तिसरा धागा शेताच्या नावाचा. सातबाऱ्यावर फक्त गट व मालक सापडतो; पण बोलण्यात एका वावराला 'बारवाची पट्टी' म्हणतात. ते वावर पुढे वाटण्यांत विभागले गेले असल्याने नाव तीन तुकड्यांना चिकटले आहे. चौथा धागा झाडांचा. सगळे शिवार करपलेले असताना एका जागी उंबर हिरवा आहे. वृक्ष व वारुळे यांवरून भूजल ओळखण्याच्या खुणा वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तील दकार्गल या अध्यायात दिलेल्या आहेत. गावातील जाणते लोकही अशीच खूण सांगतात. तिला निर्णायक पुरावा मानावे की नाही हे खेळाडूने ठरवायचे.

यांपैकी कोणतेही दोन धागे जुळवल्यास जागा बरीचशी निश्चित होते. तिसरा धागा खात्री देतो. टेबलावरील भूमिकाखेळांचे अभ्यासक जस्टिन अलेक्झांडर यांनी प्रत्येक निष्कर्षाकडे नेणारे किमान तीन दुवे ठेवावेत असे सूत्र मांडले आहे. त्यामागील कारण व्यावहारिक आहे. रचनाकाराला जे उघड वाटते ते खेळाडूच्या नजरेतून निसटते. एकच धागा असेल तर तो निसटताच मोहीम थांबते आणि खेळाडू उत्तर इतरत्र शोधू लागतो.

चुकीच्या जागी खोदाई केल्यास खेळ संपत नाही. मात्र मजुरांचा एक दिवस वाया जातो, मस्टरवर त्या दिवसाचे काम शून्य दिसते आणि दुसऱ्या दिवशी लोक कमी येतात. चुकीचा परिणाम जगात दिसला म्हणजे खेळाडू पुढचा तर्क अधिक काळजीने करतो. बरोबर जागा सापडली तरीही लगेच पाणी लागत नाही. गाळ काढावा लागतो, एकेक पायरी मोकळी होते आणि बारव हळूहळू उकलत जाते. अन्वेषणाचा कळसबिंदू हा असा संथ असण्यास हरकत नसावी.

वाट सर्वांना सारखी नसते :

या मोहिमेतील सर्वांत महत्त्वाचा धागा अद्याप सांगायचा आहे. गावाच्या एका टोकाच्या वस्तीत राहणारी दुसरी एक वृद्धा बारवेची वाट अचूक सांगते. वळणे सांगते, झाडे सांगते, काठावरचा दगडही सांगते. परंतु पायऱ्या किती, कोनाडा कोणीकडे, पाणी किती खोल, हे विचारले की ती थांबते. तिला पायऱ्या उतरण्याची मुभाच नव्हती. काठावर घागर ठेवून कोणी पाणी वाढेल याची ती वाट पाहत असे.

खेळाडूला हे कोणी व्याख्यान देऊन सांगत नाही. दोन वृद्धांची वर्णने वहीत शेजारी-शेजारी आली म्हणजे एकीच्या वर्णनात आतला भाग आहे आणि दुसरीच्या वर्णनात तो नाही, ही पोकळी त्याला स्वतःला दिसते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेला असतो. परंतु पाणवठ्याचा अधिकार हा प्रश्न आपल्या शिवारातील एखाद्या बारवेच्या पायऱ्यांशीही निगडित होता, हे अशा मोहिमेतून अधिक थेटपणे उमगते. मोहिमेच्या शेवटी बारव मोकळी झाल्यावर प्रथम कोण पायऱ्या उतरेल, याचा निर्णय खेळाडूकडे येतो. भूमिकाप्रधान खेळाचे सामर्थ्य या ठिकाणी दिसते. खेळाडूने शोधलेले ज्ञान आणि त्याने घ्यायचा निर्णय यांत येथे अंतर उरत नाही.

यावरून एक सूत्र निघते. एकाच स्थळाविषयी वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे माहीत असावे आणि तो फरक यदृच्छेने न ठरता त्यांच्या जगण्यातून आलेला असावा. बहुतेक खेळांतील गावकरी एकसारखे बोलतात, कारण ते केवळ माहिती देण्यासाठी उभे केलेले असतात. प्रत्यक्षात गुराख्याचे शिवार वेगळे, तलाठ्याचे वेगळे आणि पाणी आणणारीचे वेगळे असते.

बक्षिसाचा प्रश्न : धन की ज्ञान?

पाश्चात्त्य भूमिकाखेळांत जुन्या अवशेषांतील शोधाचे रूढ बक्षीस म्हणजे पुरलेला खजिना. पडक्या वास्तूत शिरावे, खोदावे, पेटी फोडावी, नाणी घ्यावीत, ही साखळी इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्याकडे मात्र ती निरुपद्रवी नाही. गुप्तधनाच्या लोभाने जुनी मंदिरे, गढ्या व बारवा यांच्या परिसरात खोदाई झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार उघडकीस येतात. अशा शोधाच्या नावाखाली अघोरी कृत्ये होतात म्हणूनच राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास त्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, असे १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. गोकुळेश्वर मंदिर, उंच मानस्तंभ, बारव आणि विखुरलेली शिल्पे यांमुळे ते अभ्यासकांना परिचित आहे. येथे एके काळी शेकडो मंदिरे होती अशी लोकश्रुती आहे. खेळाच्या रचनाकारासमोर येथे दोन मार्ग असतात. लोकश्रुतीला खजिन्याची जोड देऊन खोदाईची मोहीम रचणे हा सोपा मार्ग. लोकश्रुती आणि दिसणारे अवशेष यांची पडताळणी खेळाडूकडून करून घेणे हा दुसरा मार्ग. हा दगड मूळचा कोठला, हे शिल्प येथे कसे आले, कोणत्या वास्तूचा कोणता भाग हरवला आहे, हे प्रश्न कोणत्याही पेटीपेक्षा कमी उत्कंठावर्धक नाहीत.

ज्ञान हेच बक्षीस ठेवून खेळ यशस्वी होऊ शकतो याचे उदाहरण म्हणजे २०१९ सालचा 'आउटर वाइल्ड्स'. तो रूढ अर्थाने भूमिकाप्रधान खेळ नव्हे. त्यात खेळाडूला अधिक बळ देणारी शस्त्रे किंवा नाणी मिळत नाहीत. एका नष्ट झालेल्या संस्कृतीविषयी त्याला जे कळते तेच त्याची पुढची वाट उघडते. आरंभी अशक्य वाटणारी जागा शेवटी सहज गाठता येते, कारण खेळाडूला आता ठाऊक झालेले असते. नमुना मोहिमेतही वहीत भरत जाणारी शिवारातील नावे, मोकळ्या होणाऱ्या पायऱ्या आणि घागरीतले पाणी एवढीच प्राप्ती पुरेशी आहे.

खऱ्या स्थळांच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. 'पोकेमॉन गो' या प्रत्यक्ष ठिकाणी फिरून खेळायच्या खेळात प्रार्थनास्थळांवर आभासी अंडी दाखवली जातात, म्हणून २०१६ साली गुजरात उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती. पूजेत असलेल्या किंवा धोकादायक अवस्थेतील वास्तूवर मोहीम रचताना ग्रामस्थांचा विचार घ्यावा, आणि खोल बारवेच्या बाबतीत कल्पित गाव योजणेच श्रेयस्कर ठरते.

महाराष्ट्रातील निर्मिती आणि महाविद्यालये :

पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न अपयशी ठरला होता. तरीही खेळ पूर्ण झाला आणि त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. 'राजी' हा कृतिप्रधान साहसखेळ असून त्याची वाट बहुतांशी एकरेषीय आहे. तरी वाटेतील भित्तिचित्रांपाशी थांबल्यास त्यांतील पौराणिक कथा ऐकू येते. थांबणे न थांबणे खेळाडूच्या इच्छेवर असते. विस्तीर्ण जग उभारणे छोट्या संस्थेला परवडत नाही. परंतु लहान जागेतही थांबून पाहणाऱ्याला काही द्यावे, हे अन्वेषणाचे मर्म तिला साधता येते. एका गावाचे शिवार एवढी जागा चांगल्या मोहिमेला पुरेशी आहे.

अशी मोहीम रचणे महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. 'ट्वाइन' हे शब्दाधारित खेळ रचण्याचे साधन विनामूल्य असून त्यात देवनागरीत लिहिता येते; 'गोडॉट' हे चित्रमय खेळांसाठीचे मुक्तस्रोत साधन आहे. तत्पूर्वी कागद, पेन्सिल आणि टेबलाभोवती बसलेले चार विद्यार्थी एवढ्यावर मोहिमेची पहिली चाचणी घेता येते. मराठी विभागाने बोलीतील वाटवर्णने जमवावीत, इतिहास विभागाने ती तपासावीत, भूगोल विभागाने शिवाराचा नकाशा करावा आणि संगणकशास्त्र विभागाने ते एकत्र गुंफावे. आंतरविद्याशाखीय अध्ययनाची अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये व्यक्त झाली आहे; तिला याहून मूर्त रूप मिळणे अवघड आहे.

या कामाला कालमर्यादाही आहे. २०२० नंतर राज्यात बारव-संवर्धनाची लोकमोहीम उभी राहिली आणि वालूरसारख्या ठिकाणी बुजलेली बारव पुन्हा मोकळी झाली. दगड असे परत मिळवता येतात. १९७२ साली जाणत्या वयात असलेली पिढी मात्र विरळ होत चालली आहे, आणि ओव्यांनी अंतर मोजणारी माणसे गेल्यावर ते मोजमाप कोणत्याही उत्खननात सापडणार नाही.

समारोप :

अन्वेषणप्रधान शोधमोहिमेत स्थळ हे पार्श्वभूमी नसून प्रश्न व उत्तर दोन्ही असते. तिची रचना संवादांपासून सुरू होते. वाट सांगणारे शब्द नसतील तर केवळ बाण काढून टाकल्याने अन्वेषण निर्माण होत नाही. एका निष्कर्षाकडे अनेक धागे न्यावेत, चुकीला परिणाम असावा पण शेवट नसावा, पात्रांचे ज्ञान त्यांच्या जगण्यातून यावे आणि बक्षीस धनाचे नसून ज्ञानाचे असावे, ही सूत्रे वरील विवेचनातून हाती येतात. परभणीसारख्या सपाट मुलखात दिसणाऱ्या खुणेपेक्षा ऐकलेली खूण अधिक खोल नेते. ती खूण सांगणारे लोक आणि ती टिपू शकणारे विद्यार्थी आज एकाच गावात राहतात. त्यांची गाठ घालून देण्याचे काम अध्यापकांना करता येण्यासारखे आहे.